हायब्रिड मोटारीचे अ‍ॅव्हरेज : जाहिरातीतला आकडा आणि आपला रोजमेळ

२०२२ च्या सणासुदीला मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या जुळ्या गाड्या बाजारात आल्या आणि शोरूमच्या दारावर एक आकडा झळकला : लिटरला २७.९७ किलोमीटर. त्याच वर्षी होंडाच्या सिटी गाडीचे हायब्रिड रूप लिटरला २६.५ किलोमीटरचा दाखला घेऊन आले होते. पेट्रोलने शंभरी गाठल्यापासून व्यापारी माणसाच्या कानाला असा आकडा फार गोड लागतो. माल बघायला, वसुलीला, दुकानातून गोदामाला रोज गाडी पळवणाऱ्याने मनातल्या मनात गुणाकार सुरू केला तर त्यात नवल नाही.

परंतु कापडाचा तागा घेताना आपण त्याच्यावरच्या चिठ्ठीवर विसंबत नाही, गजाने मोजून घेतो. सोने घेताना कस लावतो. मग आठ-दहा वर्षे पदरी राहणारी, पंधरा-वीस लाखांची गाडी घेताना नुसत्या चिठ्ठीवर का विसंबावे? हायब्रिड गाडी चांगली की वाईट हा या लेखाचा विषय नाही. ती चांगलीच आहे, यंत्र म्हणून तर फारच चतुर आहे. प्रश्न एवढाच की तिच्यासाठी जी जादा रक्कम मोजायची ती आपल्या धावण्यात परत येते का. त्यासाठी आधी ती पेट्रोल कोठे वाचवते आणि कोठे वाचवत नाही हे समजून घेतले पाहिजे.

नाव एक, जाती तीन

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर असा जोडधंदा. पण या एका नावाखाली बाजारात तीन वेगळ्या जाती विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड. हिच्यात विजेची छोटी मोटर इंजिनाला टेकू देते, सिग्नलवर बंद पडलेले इंजिन झटकन सुरू करते, पण एकटीच्या बळावर गाडी ओढत नाही. मारुतीने २०१५ पासून सियाझ आणि अर्टिगा या गाड्यांत ही सोय दिली. ग्रँड व्हिटारामध्येही माइल्ड आणि स्ट्राँग असे दोन्ही प्रकार आले, आणि दोघींनाही बोलण्यात हायब्रिडच म्हटले जाते. म्हणून पहिला प्रश्न शोरूममध्ये हाच विचारावा की इंजिन पूर्ण बंद ठेवून ही गाडी चालते काय.

चालते असे उत्तर आले तर ती स्ट्राँग हायब्रिड. हिला बाहेरून चार्जिंगची वायर लागत नाही. तिसरी जात प्लग-इन हायब्रिड, जिला वायर लावून बॅटरी भरता येते आणि पेट्रोलही घालता येते. आपल्या देशात ही मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या महागड्या गाड्यांमध्ये दिसते. तिच्याविषयी पुढे थोडे बोलूच, कारण विजेवर किती किलोमीटर या प्रश्नात जास्तीत जास्त फसगत तिथेच झालेली आहे.

वीज येते कोठून?

टोयोटाच्या प्रचारात सांगितले गेले की हायब्रिड गाडी सुमारे ४० टक्के अंतर आणि ६० टक्के वेळ इंजिन बंद ठेवून विजेवर चालते. ऐकणाऱ्याला वाटते, म्हणजे ४० टक्के अंतर फुकट! इथेच हिशेब चुकतो.

वायर नसलेल्या हायब्रिडमध्ये विजेचा एकही युनिट बाहेरून येत नाही. जी काही वीज बॅटरीत आहे ती आपण पंपावर पैसे देऊन भरलेल्या पेट्रोलमधूनच आलेली आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या रूपाने सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. या गाड्यांचे दीड लिटरचे इंजिन उत्तमोत्तम स्थितीत त्यातली ४० टक्के कामाला लावते असे कंपनी सांगते, म्हणजे साडेतीन युनिटांच्या आसपास. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तर इंजिनाने तयार केलेला हा युनिट २८ ते ३० रुपयांच्या खाली पडत नाही. आपल्या दुकानाच्या मीटरवर युनिटचा काय दर येतो ते बिलावर पाहा, म्हणजे कळेल की ही वीज स्वस्त तर नाहीच, उलट महागडी आहे. आणि ६० टक्के वेळ म्हणताना सिग्नलवर उभी असलेली गाडीही त्यात धरली जाते हे विसरू नये.

मग बचत होते ती कशी? ती दोन वाटांनी होते. एक, वाया जाणारे परत मिळवून. साधी गाडी ५० च्या वेगात असताना ब्रेक दाबला की तिची सारी गती ब्रेकच्या चकतीत उष्णता होऊन हवेत जाते. माणसांसह १,४०० किलोच्या गाडीत ही गती म्हणजे सुमारे ०.०४ युनिट ऊर्जा. आकडा लहान दिसतो, पण भिवंडीहून मस्जिद बंदरला जाताना किती वेळा ब्रेक दाबला जातो ते मोजा. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबताच मोटरच जनित्र बनते आणि या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत जमा होतो. पुन्हा निघताना तोच खर्च होतो. दुकानातल्या चिंध्या आणि कातरण वेचून त्यांचीच गोधडी करावी असा हा प्रकार आहे.

दुसरी वाट इंजिनाच्या वेळापत्रकाची. पेट्रोलचे इंजिन फार हळू आणि हलक्या ओझ्यावर चालवले तर सगळ्यात उधळ्या हाताने पेट्रोल खाते. नुसते उभे राहून धडधडण्यात, आणि एसी चालू असेल तर विशेष, तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल सहज जाते. एवढे जळून गाडी एक फूटही पुढे सरकत नाही. हायब्रिड गाडी अशा वेळी इंजिन बंद ठेवते आणि मोटरवर सरपटते. बॅटरी उतरली की इंजिन सुरू होते, पण तेव्हा ते त्याच्या आवडीच्या चालीने चालते, अंगात ताकद असताना, आणि जादा झालेले काम बॅटरीत साठवते. कारखान्यात भट्टी दिवसभर मंद जळत ठेवण्याऐवजी दोन तास पूर्ण भरून चालवावी आणि मग विझवावी, तसे.

या दोन्ही वाटा ध्यानात घेतल्या की उरलेल्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात.

नुसत्या बॅटरीवर किती चालते?

या गाड्यांची बॅटरी ०.७६ युनिटची आहे. पाऊण युनिट! घरातली इस्त्री पाऊण तास चालवली तर जेवढी वीज लागेल तेवढी. त्यातही बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून गाडीचा संगणक ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. निम्मी वापरायला मिळते असे धरले तर हाती उरते ०.४ युनिटच्या आसपास. सपाट रस्त्यावर सावकाश चालताना अशा गाडीला किलोमीटरला ०.१२ ते ०.१५ युनिट लागते. भागाकार करा. उत्तर तीन किलोमीटरच्या आसपास येते, तेही पाय हलका ठेवला आणि एसी बंद असला तर. मे महिन्यातल्या मुंबईत एसी एकटाच एक ते दीड किलोवॅट खातो, म्हणजे गाडी जागची न हलताही पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी खाली येते आणि इंजिन जागे होते. यात बिघाड काही नाही, तिची घडणच तशी आहे. ही बॅटरी गोदामासारखी नाही, गल्ल्यासारखी आहे. आले तसे गेले.

घाटातही हीच गंमत दिसते. समजा आपण ३०० मीटर उंचीचा घाट उतरलो. १,४०० किलोची गाडी उतरताना साधारण एक युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली काही हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते, उरलेली बॅटरी गोळा करू लागते, आणि निम्म्या वाटेतच तिचे पोट भरते. त्यापुढची उतरण साध्या गाडीसारखीच इंजिनाच्या आणि ब्रेकच्या जोरावर. मालेगाव-मुंबई करणाऱ्यांनी कसारा घाट उतरताना पडद्यावरची बॅटरीची खूण पाहिली तर हे डोळ्यांना दिसेल. चढताना तर ही इवलीशी बॅटरी चार वळणांतच दमते आणि सारा भार इंजिनावर येतो.

प्रयोगशाळेतले २८ आणि रस्त्यावरचे

२७.९७ हा आकडा खोटा आहे का? नाही, तो खोटा नाही. आपल्याकडे गाडीचे अधिकृत अ‍ॅव्हरेज पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्था काढतात. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि तिचे काम चोख आहे. पण चाचणी कशी होते ते पाहा. गाडी रस्त्यावर जात नाही, ती रुळांवर उभी करून जागच्या जागी चालवतात. ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवायचा, ठेवायचा, उतरवायचा. सुमारे वीस मिनिटांचा हा खेळ, त्यात वेग ९० च्या वर जात नाही, वेग वाढवणे अगदी सोज्वळ असते आणि एसी बंद असतो. हायब्रिडची चाचणी करताना बॅटरीत झालेली घट-वाढही हिशेबात धरतात, म्हणजे भरलेल्या बॅटरीच्या जोरावर आकडा फुगवता येत नाही. थोडक्यात, वजनकाटा खरा आहे. फक्त त्यावर ठेवलेला माल आपल्या दुकानातला नाही.

असा सोज्वळ आलेख सर्वच गाड्यांना मदत करतो, पण हायब्रिडला जरा जास्तच करतो. वारंवार थांबणे, हळू निघणे, हळू थांबणे हे तिचे माहेर. अमेरिकेत हे उघड्यावर आले. तिथली टोयोटा प्रियस ही हायब्रिडमधली सर्वांत नावाजलेली गाडी. मूळ प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली, आणि दुसऱ्या पिढीच्या प्रियसवर अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची चिठ्ठी होती शहरात गॅलनला ६० मैल, हमरस्त्यावर ५१. आपल्या भाषेत लिटरला साडेपंचवीस आणि पावणेबावीस किलोमीटर. रस्त्यावर एवढे मिळत नाही म्हणून ग्राहकांची कुरकुर सुरू झाली. २००८ च्या गाड्यांपासून त्या खात्याने मोजण्याची रीतच बदलली. जास्त वेग, जोरात पळवणे, चालू एसी आणि कडक थंडी यांच्या चाचण्या त्यात घातल्या. प्रियस तीच, पण चिठ्ठी झाली शहरात ४८ आणि हमरस्त्यावर ४५, म्हणजे लिटरला सुमारे २०.४ आणि १९.१ किलोमीटर. गाडीत एक स्क्रूही न बदलता शहरातला आकडा पाचव्या हिश्श्याने उतरला. साध्या गाड्यांचेही आकडे उतरले, पण त्यांची घसरण हायब्रिडपेक्षा कमी होती.

आपल्याकडची चाचणी अमेरिकेच्या त्या सुधारलेल्या रीतीपेक्षा सौम्य आहे. म्हणून अंदाजपत्रक मांडताना स्ट्राँग हायब्रिडच्या चिठ्ठीवरचा आकडा पाऊणपट धरावा असे माझे मत आहे. २८ ऐवजी २१. जास्त मिळाले तर तो नफा.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचाही यात वाटा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. हा फटका हायब्रिडलाही बसतो आणि साध्या गाडीलाही.

वायर लावायची गाडी, पण वायर लावणार कोण?

आता प्लग-इनविषयी. २०१२ ची प्लग-इन प्रियस घ्या. तिची बॅटरी ४.४ युनिटची. नुसत्या विजेवर किती चालते? जपानच्या चाचणीत २६ किलोमीटरच्या वर, युरोपच्या चाचणीत २५, आणि अमेरिकेच्या चिठ्ठीवर ११ मैल, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर. त्या १८ मध्येही जोरात पाय दिला की इंजिन मदतीला येत असे. इंजिनाने अजिबात तोंड न उघडता सलग अंतर किती, तर अमेरिकेच्या चाचणीप्रमाणे ६ मैल, दहा किलोमीटरच्याही आत. गाडी एक, बॅटरी एक, उत्तरे तीन-चार. ज्याने २६ वाचून घेतली आणि ज्याने दहा वाचून घेतली त्या दोघांचे समाधान सारखे कसे राहील?

याहून मोठा धडा युरोपने घेतला. तिथे २०२१ पासूनच्या नव्या गाड्यांमध्ये खर्च झालेल्या इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले. लाखो गाड्यांच्या या नोंदी गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ च्या मार्चमध्ये अहवाल काढला. साध्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त इंधन पितात असे त्यात दिसले. आणि प्लग-इन हायब्रिड? त्यांचा प्रत्यक्ष धूर कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. यंत्रात खोट नव्हती. कागदावरचा आकडा काढताना असे गृहीत धरले होते की मालक नेमाने रोज वायर लावील आणि बहुतेक अंतर विजेवर कापील. लोकांनी तेवढी वायर लावलीच नाही. कंपनीने गाडी दिली, कंपनीनेच पेट्रोलचे पैसे भरले, मग घरी वायर लावून स्वतःचे वीजबिल कोण वाढवणार? हा माणसाचा स्वभाव आहे, तो कोणत्याही प्रयोगशाळेत मोजला जात नाही.

आपल्याकडे उद्या लहान प्लग-इन गाड्या स्वस्त झाल्या तरी चाळीत, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर किंवा गल्लीत राहणाऱ्याने आधी वायर कोठून आणायची याचे उत्तर शोधावे, मग अ‍ॅव्हरेजचे.

आता वहीवर मांडू

व्यापारी माणूस अ‍ॅव्हरेजची तुलना करताना एक नेहमीची चूक करतो. लिटरला १० ची गाडी सोडून १५ ची घेतली तर फायदा पाचाचा, आणि २० ची सोडून २८ ची घेतली तर आठाचा, म्हणून दुसरा सौदा मोठा, असे त्याला वाटते. हिशेब उलटा आहे. दर १०० किलोमीटरला किती लिटर लागले ते पाहा. पहिल्या सौद्यात १० लिटरवरून ६.६७ वर आलो, वाचले ३.३३ लिटर. दुसऱ्यात ५ वरून ३.५७ वर, वाचले फक्त १.४३. खिशातून लिटर जातात, किलोमीटर जात नाहीत. म्हणून गाडीचा हिशेब नेहमी १०० किलोमीटरला किती लिटर या पद्धतीने मांडावा.

आता ग्रँड व्हिटारा घेऊ. २०२२ मध्ये तिचा माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिक प्रकार लिटरला २०.५८ आणि स्ट्राँग हायब्रिड २७.९७ असा अधिकृत दाखला होता. सारख्या दर्जाच्या दोन प्रकारांच्या शोरूम किमतीत तेव्हा अडीच लाखांच्या आसपास फरक पडत होता. आजचा फरक आपल्या शहरातल्या भावाने विचारून घालावा, आणि वाहन कर, विमा किमतीच्या प्रमाणात वाढतो तोही जोडावा. सोयीसाठी आपण फरक अडीच लाख आणि पेट्रोल १०० रुपये धरू. म्हणजे अडीच हजार लिटर वाचले की जादा रक्कम वसूल.

नुसत्या चिठ्ठीवर गेलो तर १०० किलोमीटरला १.२८ लिटर वाचते, आणि वसुलीला १ लाख ९५ हजार किलोमीटर लागतात. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. वॉरंटी संपली म्हणजे बॅटरी संपली असे मुळीच नाही. पण जोखीम त्या दिवसापासून आपल्या खात्यावर येते.

खरा फरक मात्र कोण कोठे चालवतो यावर पडतो. पुढचे आकडे मी नमुन्यादाखल घेत आहे, आपापले घालून पाहावेत. कुर्ला, भायखळा, मस्जिद बंदर असा दिवसभर कोंडीत फिरणारा कापडाचा दलाल. साधी ऑटोमॅटिक त्याला ११ देते, हायब्रिड २०. दर १०० किलोमीटरला ४ लिटरांहून जास्त वाचतात, आणि ६१ हजार किलोमीटरवर वसुली होते. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्याला चार वर्षे. त्याने खुशाल घ्यावी. कोंडी जितकी वाईट तितकी ही गाडी चांगली, असे विपरीत नाते आहे!

दुसरा मालेगावचा यंत्रमागवाला. आठवड्यातून एकदा मुंबई, एरवी धुळे-नाशिक, सारा प्रवास आग्रा रोडने. ९०-१०० च्या वेगात ब्रेक क्वचितच लागतो, तेव्हा वेचायला चिंध्याच नाहीत. साधे इंजिनही त्या वेगात चांगल्या चालीने चालते. साधी १६ देते आणि हायब्रिड १९, तर १०० किलोमीटरला एक लिटर वाचले. वसुलीला अडीच लाख किलोमीटर. वर्षाला ३० हजार धावूनही आठ वर्षांच्या पलीकडे. मला तर या माणसाला हायब्रिड घेण्याचे पैशांच्या दृष्टीने काही कारण दिसत नाही. शांत चालते, ऑटोमॅटिक आहे, गुडघ्याला आराम आहे, म्हणून घ्यायची तर घ्यावी, पण ती खरेदी आरामाच्या खात्यात लिहावी, बचतीच्या नव्हे.

तिसरा माणूस घर ते दुकान दोन-तीन किलोमीटर जाणारा. वर्षाला ६ हजार किलोमीटर. शहरी कोंडीचा पूर्ण फायदा मिळाला तरी त्याला दहा वर्षे लागतील, आणि तो पूर्ण मिळणारही नाही. कारण सकाळी थंड इंजिन सुरू झाले की धूर शुद्ध करणारा भाग तापेपर्यंत ते चालूच राहते, बॅटरी भरलेली असली तरी. ते तापते न तापते तोच दुकान येते.

कर्जावर घेणाऱ्याने अडीच लाखांवर पडणारे व्याजही वसुलीच्या रकमेत मिळवावे. त्यात मुद्दा आणखी पुढे सरकतो. कराचेही पाहावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याहून मोठ्यांवर ४० टक्के. वर सांगितलेल्या गाड्या ४ मीटरहून लांब आणि दीड लिटर इंजिनाच्या, म्हणून त्या ४० मध्ये बसतात. मालवाहू टेम्पोवर भरलेला जीएसटी व्यापाऱ्याला वळता करून मिळतो, तसा स्वतःच्या वापराच्या मोटारीवरचा सहसा मिळत नाही. बिल फर्मच्या नावाने करून जीएसटी परत मिळेल असे कोणी सांगितले तर आधी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

आणखी एक गोष्ट, जी माल नेणाऱ्याला अ‍ॅव्हरेजइतकीच महत्त्वाची. या गाड्यांत हायब्रिडची बॅटरी डिकीच्या भागात बसते, त्यामुळे डिकी साध्या प्रकारापेक्षा लहान होते. नमुन्यांच्या दोन पेट्या जिथे बसत होत्या तिथे एक बसेल. शोरूमला जाताना आपली नेहमीची पेटी बरोबर न्यावी आणि ठेवून पाहावी, लाज बाळगू नये. सीएनजीवरही हाच आक्षेप आहे, तिथे सिलिंडर जागा खातो. याच ग्रँड व्हिटाराचा सीएनजी प्रकार २०२३ मध्ये आला, त्याला किलोला २६.६ किलोमीटरचा दाखला आहे. आपल्या गावातला सीएनजीचा किलोचा भाव आणि पेट्रोलचा लिटरचा भाव शेजारी मांडून किलोमीटरला किती रुपये ते काढावे, आणि पंपावरच्या रांगेत जाणारा वेळही पैशात धरावा. ज्याच्या रस्त्यावर सीएनजी सहज मिळतो त्याच्यासाठी हायब्रिडचे गणित आणखी अवघड होते.

अ‍ॅव्हरेज मोजायचे कसे?

पडद्यावर दिसणारा आकडा ही गाडीची स्वतःविषयीची साक्ष आहे. ती बहुधा थोडी उजवी असते. वहीत टाकी ते टाकी हिशेब लिहावा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नळीने, पहिला टक आवाज होऊन पेट्रोल आपोआप थांबेपर्यंत भरावे आणि पुढे एक थेंबही घालू नये. किलोमीटरचा काटा लिहावा. पुढच्या वेळी तसेच भरावे, पावतीवरचे लिटर लिहावेत. एका टाकीत अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतेच, म्हणून निदान तीन टाक्यांची बेरीज करून मगच भागाकार करावा. तीन टाक्यांत ११० लिटर गेले आणि २,२५० किलोमीटर झाले तर लिटरला साडेवीस, किंवा १०० किलोमीटरला ४.९ लिटर. पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची नोंद वेगळी ठेवावी, एसीचा फरक तिथेच कळतो. टायरमधली हवा दर पंधरवड्याला पाहावी. डोक्यावर माल बांधायचा कठडा रिकामा असेल तर काढून ठेवावा.

हा हिशेब नवी गाडी घेण्याच्या आधी, आज दारात असलेल्या गाडीवर दोन महिने करावा. आपण वर्षाला खरोखर किती धावतो आणि त्यातले कोंडीत किती, हमरस्त्यावर किती, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. विचारले तर जो तो दुप्पट सांगतो. वहीत दोन रकाने पाडावेत, शहर आणि बाहेरगाव. दोन महिन्यांनी ती वही घेऊन शोरूममध्ये जावे आणि चाचणी फेरी मागताना विक्रेत्याने निवडलेल्या रिकाम्या रस्त्यावर नाही, तर आपल्या रोजच्या रस्त्यावर, आपल्या रोजच्या वेळी, एसी चालू ठेवून मागावी. निघण्यापूर्वी पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा शून्यावर आणून घ्यावा आणि परत आल्यावर जो येईल तो, बॅटरीची खूण जाताना किती होती आणि येताना किती यासह, त्याच वहीत लिहावा.